‘बीए करून ठेव’

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या कॉलेजातले आम्ही मास्तर लोक मोटारसायकली काढून गावं धरतो. कुणी विचारलं तर म्हणायचं, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला निघालोय. खरं कारण असं की पहिल्या वर्षाची तुकडी भरली नाही तर वर्कलोड, म्हणजे मास्तराच्या वाट्याचे ठरावीक तास, बसत नाही, आणि वर्कलोड बसला नाही की आधी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण मास्तरांच्या पोटावर पाय येतो, मग हळूहळू आमच्या. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पदवीबद्दल जे लिहिणार आहे ते पदवीच्याच भाकरीवर जगणाऱ्या माणसानं लिहिलेलं आहे.

यंदा अशाच एका घरी ओसरीवर बसलो होतो. मुलीला कला शाखेत अठ्ठावन्न टक्के. चहा आला, जातीच्या दाखल्याची आणि नॉन-क्रिमिलेअरची चौकशी झाली, आणि मग वडिलांनी तो प्रश्न विचारला, जो मी वीस वर्षं ऐकतोय: “सर, बीए करून ठेवायला हरकत नाही ना?”

‘करून ठेवायला.’ आपल्याकडे कुरडया करून ठेवतात, पापड करून ठेवतात, चार पै-पाहुणे आले तर असावेत म्हणून. पदवीही तशीच. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगी ग्रॅज्युएट आहे’ म्हणता यावं, तलाठ्याची भरती निघाली तर फॉर्म भरता यावा, एखाद्या दिवशी बी.एड. करायचं मनात आलं तर अडू नये. काय शिकायचं हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

हा हिशेब वेडगळ मुळीच नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्या रांगेत उभं राहायलाच पदवी लागते. पुढच्या वर्षी पोलीस भरतीला १७,४७१ जागा होत्या, अर्ज सतरा लाखांच्या वर. तिथे बारावी पुरते, तरी मैदानावर पदवीधर होते, इंजिनिअर होते. ज्या राज्यात दारावर उभा असलेला माणूस आधी पदवी विचारतो, तिथे बापानं पोरीला पदवी करून ठेव म्हणणं हा शहाणपणाच आहे. माझं भांडण त्या शहाणपणाशी नाही. भांडण आहे क्रमाशी. बारावी झाली, पुढचं काही ठरत नाही, म्हणून लगेच तीन वर्षं बीए, हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त दिसणारा आणि सगळ्यात महाग पडणारा मार्ग आहे. फी किरकोळ असते, पण अठरा ते एकवीस ही तीन वर्षं जातात. त्या वयात हात जे शिकतात ते पंचविशीनंतर शिकायला जास्त वेळ लागतो. उलट बीएच्या अभ्यासक्रमातलं बरंचसं तिशीत जास्त चांगलं कळतं. आपण नेमकी उलटी पेरणी करतो.

एक आकडा गेल्या दोन वर्षांत सगळीकडे फिरवला गेला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात म्हटलं होतं की २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. लगेच भाषणं सुरू झाली की बघा, शिकलेला बेकार आणि अडाणी कामाला. अहो, अडाण्याला बेकार राहणं परवडत नाही म्हणून तो कामाला आहे. ऊसतोडीला जाणारा पोरगा आकडेवारीत रोजगारित असतो. पदवीधराला निदान दोन वर्षं अभ्यासिकेत बसून वाट बघण्याइतका बापाचा आधार असतो, म्हणून तो बेरोजगार मोजला जातो. तेव्हा या आकड्यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. ठरतं एवढंच, की पदवी मिळाल्यावर माणूस वाट बघायला लागतो. आणि ती वाट बघण्याची वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत, कॉट बेसिसवर, मेसचा डबा खात, बापाच्या सोयाबीनवर काढली जातात.

आता दुसरी बाजू. गेल्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाला आम्हाला जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये बोलावलं होतं. मतदान यंत्राची जोडणी तिसऱ्यांदा समजावून झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली, आणि मी हिंडत फिटरच्या वर्कशॉपमध्ये गेलो. बेंच व्हाइसमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा आवळून एक पोरगा फाईल मारत होता. ते लोक त्या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. पंधरा-वीस हात मारायचे, जॉब सोडवायचा, त्यावर ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, टेकवायचा आणि खिडकीकडे तोंड करून डोळ्यासमोर धरायचा. पात्याच्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की तिथे खोलगट आहे, आणि शेजारी अजून उंचवटा आहे. निदेशक मागून आले, त्यांनी न बोलता तो हातातून घेतला, खिडकीकडे धरला, म्हणाले, “उजेड येतोय,” आणि पुढे गेले. पोरानं जॉब पुन्हा व्हाइसमध्ये आवळला. रागावला नाही, वाद घातला नाही, मार्क वाढवून मागितले नाहीत. उजेड येत होता, एवढंच.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. वीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला त्याची चूक मला इतकी स्वच्छ दाखवता आलेली नाही. आमच्या उत्तरपत्रिकेत उजेड दिसत नाही. गाईडातली तीन पानं उतरवलेली असतात, ती चूकही नसतात आणि बरोबरही नसतात, आणि आम्ही सोळापैकी नऊ देऊन पुढचा गठ्ठा सोडतो. एकविसाव्या वर्षी त्या पोराला पदवी मिळते, पण आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

म्हणजे सगळ्यांना आयटीआयला घाला, असं म्हणून लेख संपवता आला असता. तसं लिहिणारे भरपूर आहेत. त्यांच्यावर माझा पदवीवाल्यांपेक्षाही कमी विश्वास आहे.

कारण त्या फिटरचं पुढे काय होतं तेही मला दिसतं. दोन वर्षं आयटीआय, मग चाकण, वाळूज, नाहीतर सातपूरला ॲप्रेंटिस, मग कंत्राटदाराकडे. काही पोरं पर्मनंट होतात, त्यांचं बरं चालतं. बाकीच्यांना दहा वर्षांनी एक दिवस कळतं की आपल्या वरचा सुपरवायझर आपल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे, मशीनचा आवाज बदलला तर तो आपल्यालाच येऊन विचारतो, पण त्याच्याकडे डिप्लोमा आहे आणि आपल्याकडे नाही. कारखान्यात ‘स्टाफ’ आणि ‘वर्कर’ असे दोन वंश असतात. एका वंशातून दुसऱ्यात जायला हातातलं कसब चालत नाही, कागद लागतो.

नियमानं शिडी आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. कागदावर आयटीआयचा पोरगा पायरी-पायरीनं इंजिनिअर होऊ शकतो, आणि काही झालेही आहेत. पण ही शिडी सकाळी दहा ते पाच उभी असते. ज्याची फर्स्ट शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, ज्याच्या पगारावर घरात चार माणसं आहेत, तो तिच्यावर चढणार कधी? नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग काढायला अलीकडे तंत्रशिक्षण परिषदेनं परवानगी दिली आहे, चांगलं आहे. आमच्या तालुक्यापर्यंत ती आलेली नाही.

सरकारला स्वतःला काय वाटतं हे पाहायचं असेल तर २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना पाहावी. कार्यालयात किंवा कारखान्यात सहा महिने काम शिकायचं, त्याचं विद्यावेतन ठरवलं ते असं: बारावीला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवी किंवा पदव्युत्तरला १०,०००. पदवी कसली, त्या कामाला उपयोगाची आहे का, हे विचारायचं कारणच नाही. मराठी घेऊन बीए झालेला मुलगा वर्कशॉपमध्ये काम शिकायला गेला तरी शिकलेल्या वेल्डरपेक्षा दोन हजार जास्त. कौशल्य, कौशल्य म्हणून घसा कोरडा करणाऱ्या राज्यानं कौशल्याची किंमत स्वतःच्या हातानं ठरवली, ती ही.

त्याच ओसरीवर मुलीच्या वडिलांनी मला आणखी एक गोष्ट विचारली होती. मी जरा उत्साहात येऊन म्हणालो होतो की आता नुसत्या पदवीला कोण विचारतो, हाताला काहीतरी आलं पाहिजे. ते म्हणाले, “तुमचा मुलगा काय करतो सर?” मी म्हणालो, इंजिनिअरिंगला आहे. ते हसले नाहीत. मान डोलावली आणि सुपारी कातरत राहिले.

‘हाताला कसब हवं’ हा उपदेश नेहमी दुसऱ्याच्या मुलासाठी असतो. आणि आपल्या समाजात हाताचं काम कुणी करायचं आणि खुर्चीवर कुणी बसायचं हे शेकडो वर्षं जन्मावर ठरत आलेलं आहे, तिथे या उपदेशाला एक वेगळा वास येतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले हेच तर सांगत होते, की शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत शाळा पोचत नाही. माझे वडील तलाठ्याच्या कचेरीबाहेर चपला काढून उभे राहायचे. मी पदवी घेतल्यावर त्याच कचेरीत मला “बसा सर” म्हणाले. त्या खुर्चीची किंमत ज्यांच्या घरात तीन पिढ्या खुर्च्या आहेत त्यांना कळायची नाही. त्यामुळे कुणी पहिल्या पिढीतल्या पोराला ‘पदवी सोड, प्लंबिंग शीक’ म्हणालं की माझ्या डोक्यात जातं, मग त्याचं अर्थशास्त्र कितीही बरोबर असो.

माझं म्हणणं त्यामुळे मधलं नाही, वेगळं आहे. पदवी घ्यावी, पण कमवायला लागल्यावर घ्यावी. आधी पोटापुरतं एक काम नीट हाताला यावं, आणि मग तिशीच्या आत-बाहेर, स्वतःच्या पैशानं पदवी.

हे मी हवेतून काढलेलं नाही. दर रविवारी मी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून शिकवतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. रविवारच्या वर्गात एसटीचा एक कंडक्टर असतो, बारावीवर भरती झालेला एक पोलीस शिपाई असतो, त्याला पदवी करून लोकसेवा आयोगाची फौजदाराची परीक्षा द्यायची आहे. दोन अंगणवाडी सेविका. दहावीच शाळेत न जाता, सतरा नंबरचा फॉर्म भरून केलेली एक बाई, तिचा मुलगा आता सातवीत आहे, कधी कधी त्याला घेऊनच येते.

एकदा ग्रामसभेवर शिकवत होतो. आठवड्याच्या वर्गात हा धडा मी डोळे मिटून शिकवतो आणि मुलं डोळे मिटून ऐकतात: ग्रामसभा हा लोकशाहीचा पाया आहे, ती वर्षातून किमान चार वेळा व्हावी, वगैरे. रविवारी ती बाई म्हणाली, “सर, आमच्याकडं रजिस्टरच घरी येतं सहीला.” कंडक्टर म्हणाला, तुमच्याकडे घरी तरी येतं. मग पाऊण तास जी चर्चा झाली, कोरम म्हणजे काय, तहकूब सभेला कोरम लागतो का, महिलांची सभा आधी घ्यायची असते ती कुणी घेतली का, ती माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली राज्यशास्त्राची तासिका होती. पुस्तक तेच, मास्तर तोच. फरक इतकाच की यांच्याकडे पुस्तकाला विचारायला प्रश्न होते. अठराव्या वर्षी ते नसतात, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही.

या रस्त्याला मान मात्र नाही. पदवी कायद्यानं तितकीच पदवी, तरी मुलाखतीला बसलेला माणूस विचारतो, “मुक्तची का?” जणू काही चोरून आणली. रविवारी परीक्षेच्या दिवशीच कंडक्टरची ड्युटी लागते आणि रजा नामंजूर होते. पदवीच्या पुस्तकांची पार्सलं सत्र निम्मं सरल्यावर येऊन पडलेली मी पाहिली आहेत. शिकणाऱ्याची जिद्द गृहीत धरायची आणि बाकी काहीच करायचं नाही, असा आपला एकूण कारभार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटलं तेव्हा मुलांच्या राहण्याची, जेवणाची आणि कामाची व्यवस्था आधी उभी केली होती. आपण घोषणा ठेवली.

नव्या शैक्षणिक धोरणानं ‘मध्येच बाहेर पडा, परत या’ अशी सोय केली म्हणतात. एक वर्ष झालं, ४० क्रेडिट (अभ्यास पुरा केल्याबद्दल खात्यावर जमा होणारे गुणांक) आणि सुट्टीतला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स केला की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. पहिली शंका अशी, की बीएचं एक वर्ष केल्याचं प्रमाणपत्र घेऊन कोण कुठे कामाला लागणार? त्या कागदावर खरं तर एवढंच लिहिलेलं असतं की मी कॉलेज सोडलं. दुसरी शंका जास्त महत्त्वाची. २०२२ च्या आराखड्यात बाहेर पडलेल्यानं तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि सात वर्षांत सगळं संपवायचं, असं ठरवलं होतं. क्रेडिट बँकेतली क्रेडिटंही सातच वर्षं टिकतात. आता माझ्या रविवारच्या वर्गातल्या बायकांचं वय लावून पाहा. एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या-बाविसाव्या वर्षी मुलं, ती शाळेत जायला लागली की मग आईला मान वर करायला फुरसत. परत यायला दहा-बारा वर्षं लागतात. तीन वर्षांत परत येणारा विद्यार्थी ज्यानं कल्पिला, त्यानं आमच्याकडची मुलगी कॉलेज का सोडते हे कधी विचारलेलंच नाही. क्रेडिटला मुदत कशाला हवी? बँकेत ठेवलेला पैसा दहा वर्षांनी गेलात तर बुडाला असं सांगतात का?

शिडी नीट बांधता येते याचं एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढेच आहे, ते म्हणजे नर्सिंग. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षं, त्यावर नोकरी. जीएनएम (परिचारिकेची पदविका) तीन वर्षं, त्यावर जास्त चांगली नोकरी. आणि जीएनएम झालेल्या नर्सला पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत. तिनं वॉर्डात आणि वर्गात जे शिकलं ते पदवीसाठी धरलं जातं, तिला पुन्हा बारावीपासून सुरू करावं लागत नाही. हे जर सलाइन लावणाऱ्या हाताला चालतं, तर फाईल मारणाऱ्या, वायरिंग करणाऱ्या, ट्रॅक्टरचं इंजिन उतरवणाऱ्या हाताला का नको? नव्या क्रेडिट आराखड्यात अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. पण आठ वर्षं लेथवर काढलेल्या माणसाचं काम तपासून ‘तुझी इतकी क्रेडिटं’ असं सांगणारी खिडकी मला अजून भेटलेली नाही. भेटली तर मी स्वतः चार पोरं घेऊन जाईन.

राहता राहिली खासगी सर्टिफिकेटं. त्यांच्याबद्दल फार लिहायची इच्छा नाही. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ असा फ्लेक्स असलेल्या क्लासमध्ये गेल्यावर मागच्या बॅचमधल्या तिघांचे फोन नंबर मागावेत, बाकी काही विचारायची गरज पडत नाही. आणि एक ध्यानात ठेवावं, सर्टिफिकेटलाही पदवीचाच रोग लागतो. एमएस-सीआयटी सरकारी नोकरीला सक्तीचं झालं आणि संगणक येतो की नाही हा प्रश्नच मिटला, सगळ्यांच्या फाईलीत तो कागद आला.

तर त्या मुलीचं. मी तिला सरळ विचारलं, तुला काय करायचंय? ती इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, “नर्सिंग.” वडिलांचं तोंड पडलं. रात्रपाळी, हॉस्टेल, पुढे लग्नाचं कसं. मी म्हणालो, आधी जीएनएम करू द्या, नोकरी लागली की पदवी तिची तीच करील, आणि कॉलेजपेक्षा चांगली करील. रात्रपाळीबद्दल माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याबरोबर आलेल्या सहकाऱ्यानं सतरंजीखालून माझा पाय दोनदा दाबला.

बाहेर आल्यावर त्यानं गाडीला किक मारली. “सर,” तो म्हणाला, “आपण ॲडमिशन मागायला आलो होतो.” तो प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेला आहे, पीएचडी झालेला आहे, आणि आठ वर्षं आमच्याकडे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवतो.